साधा प्लग, तगडी कॉइल, प्री-चेंबर, कोरोना की लेझर? इग्निशनच्या पद्धती शेजारीशेजारी

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं मागाहून. तुमचं पेट्रोल इंजिन ठणठणीत असेल, मिसिंग नसेल आणि फक्त ॲव्हरेज वाढावं म्हणून तुम्ही "नवीन टेक्नॉलॉजी"चा प्लग शोधत असाल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्लग वेळेवर बदला आणि विषय संपवा. प्री-चेंबर, कोरोना, लेझर, नॅनोसेकंद प्लाझ्मा ही सगळी (पुढं एकेक उलगडतो) खरी आहेत, थापा नाहीत, पण ती ज्या कामासाठी बनलीत ते काम तुमच्या इंजिनात होतच नाही. ते काम कोणतं हे एकदा डोक्यात बसलं की कुठली पद्धत कुणासाठी हे ठरवायला पाच मिनिटं लागत नाहीत, नाहीतर प्रत्येक जाहिरातीत "जास्त पॉवरफुल स्पार्क" वाचून माणूस नुसता फिरत राहतो.

बरोबर प्रमाणात मिसळलेल्या पेट्रोल-हवेला पेट घ्यायला कमीत कमी किती ऊर्जा लागते? साधारण ०.२ ते ०.२५ मिलिज्यूल. आणि प्लगला व्होल्टेज पुरवणारी आजची साधी कॉइल देते किती, तर ३० ते १०० मिलिज्यूल. शेकडो पट! एवढी कशाला, तर प्रयोगशाळेतलं शांत मिश्रण वेगळं आणि मिनिटाला तीन हजार फेरे मारणारं इंजिन वेगळं, ठिणगीची बरीच गरमी तर इलेक्ट्रोडच (प्लगचं धातूचं टोक) खाऊन टाकतो, दोन टोकांमधल्या गॅपमध्ये त्या क्षणी नेमकं चांगलं मिश्रण असेलच असं नाही, वरून आतला वारा ठिणगीला फुंकून टाकतो, म्हणून कंपन्यांनी हात सैल ठेवलाय. पण एकदा ज्योतीचा छोटा गोळा तयार झाला की तो पुढं किती वेगानं पसरणार हे मिश्रण, दाब, तापमान आणि आतली खळबळ ठरवते. तिथं ठिणगीचं काम संपलं. १०० च्या जागी २०० मिलिज्यूल दिले म्हणून पेट्रोलात जास्तीची ताकद कुठून येणार राव?

मग मोठमोठ्या गाडी कंपन्या इग्निशनवर एवढा पैसा का ओततात? कारण त्यांना मिश्रण पातळ करायचंय.

पातळ म्हणजे दोन प्रकारे. एक तर १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे जे बरोबर प्रमाण आहे, ज्याला लॅम्डा १ म्हणतात, त्याच्यापेक्षा जास्त हवा घ्यायची, म्हणजे लीन. किंवा प्रमाण तेच ठेवून जळालेला धूर थोडा परत आत घ्यायचा, म्हणजे ईजीआर. दोन्हीत फायदा असा की कमी लोडवर थ्रॉटल (हवेची झडप) कमी आवळावा लागतो त्यामुळं इंजिनाची हवा ओढण्यातली मेहनत वाचते, आतलं तापमान उतरतं म्हणून भिंतींतून आणि हेडमधून वाया जाणारी गरमी कमी होते, आणि लीनच्या बाबतीत तर तो वायू प्रसरण पावताना जास्त काम काढून देतो. गार ईजीआरनं नॉकिंगही (ज्योत पोचायच्या आधीच मिश्रण आपोआप भडकणं) आवरतं, मग कॉम्प्रेशन वाढवायला मोकळीक मिळते. खरं ॲव्हरेज आहे ते इथं आहे.

आता घोडं पेंड खातं ते कुठं, तर पातळ मिश्रण नीट पेटत नाही. ज्योत मंद चालते, कधी गोळा तयार होतो आणि विझतो, एका फेऱ्यात दणका तर पुढच्या फेऱ्यात फुसका बार, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडं. साध्या प्लगवर लॅम्डा १.४-१.५ च्या पुढं आणि ईजीआर २०-२५ टक्क्यांच्या पुढं गेलं की बहुतेक इंजिनं हात टेकतात. नवीन इग्निशनचा सगळा खेळ ही हद्द पुढं ढकलण्याचा आहे. त्यामुळं कुठलीही पद्धत तोलताना "ठिणगी किती मोठी" हा प्रश्न सोडा, "किती पातळ मिश्रण भरवशानं पेटवते" हा विचारा.

आणि प्रदूषणाचं गणित यातच अडकलंय, ते बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. लीन केलं की प्रदूषण कमी असं सरसकट नसतं. नायट्रोजन ऑक्साइड सगळ्यात जास्त तयार होतात ते लॅम्डा १.०५ ते १.१ च्या आसपास, म्हणजे जरासं लीन असताना, कारण तापमानही भरपूर आणि ऑक्सिजनही शिल्लक. तिथून पुढं पातळ करत गेलात की ते उतरतात, आणि लॅम्डा २ च्या जवळ गेलं की इंजिनातूनच जवळपास नाहीसे होतात. पण मधला पट्टा वाईट. आपल्या गाड्यांतला धूर साफ करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साइड मारतो तो फक्त लॅम्डा १ ला, धुरात जास्तीचा ऑक्सिजन आला की त्या बाबतीत तो हात वर करतो. म्हणजे अर्धवट लीन इंजिन हे ना घर का ना घाट का, इंजिन नायट्रोजन ऑक्साइड सोडतंय आणि कन्व्हर्टर ते धरत नाही, मग डिझेलसारखी वेगळी यंत्रणा लावा. म्हणून शहाणे इंजिनवाले दोनच टोकांना जातात, एक तर लॅम्डा १ ला राहून भरपूर ईजीआर, नाहीतर एकदम लॅम्डा २ च्या घरात. मधे थांबायचं नाही.

एवढं लक्षात ठेवून आता एकेकाला समोरासमोर उभं करू.

निकेल, प्लॅटिनम, इरिडियम

तिघांचं काम एकच, गॅपमध्ये ठिणगी पाडणं. फरक टोकाच्या जाडीत आणि झिजण्यात. निकेलचं मधलं टोक साधारण अडीच मिलिमीटर जाड, इरिडियमचं काही प्लगमध्ये ०.४ मिलिमीटर. टोक बारीक तितकं कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते, आणि नवजात ज्योतीची गरमी शोषायला धातू कमी, त्यामुळं ती लवकर मोठी होते. इरिडियम वितळतं जवळपास २४५० अंशांना, प्लॅटिनम १७७० च्या आसपास, निकेल १४५५ ला, म्हणून एवढं बारीक टोक टिकतं. तरी शुद्ध इरिडियम फार गरम झालं की हवेतल्या ऑक्सिजनबरोबर उडून जातं, त्याला रोडियम मिसळून वाचवतात.

मायलेजमध्ये किती फरक पडेल? नवा निकेल काढून नवा इरिडियम टाकलात तर तुम्हाला जाणवेल असा नाही. जुना झिजलेला निकेल काढून काहीही नवं टाकलंत तर पडेल, आणि मग लोक त्याचं श्रेय इरिडियमला देतात. आयुष्यात मात्र खराखुरा फरक आहे, निकेल ३०-५० हजार किलोमीटरला बदलायचा तर इरिडियम किंवा प्लॅटिनम लाखाच्या आसपास चालतो. ज्या इंजिनात प्लगपर्यंत हात जायलाच अर्धं इंजिन उघडावं लागतं तिथं एवढं एक कारण पुरेसं आहे. दोन-तीन ग्राउंड टोकांचे प्लगही मिळतात, त्यात एकाच वेळी सगळीकडं ठिणगी पडते असा समज आहे, तसं नसतं, ठिणगी जिथं सोपं तिथं एकाच ठिकाणी पडते, बाकीची टोकं झीज वाटून घ्यायला.

प्लग निवडताना लोक टोकाचा धातू बघतात आणि हीट रेंज, म्हणजे प्लग स्वतःची गरमी किती लवकर बाहेर सोडतो (लवकर सोडणारा थंड, सावकाश सोडणारा गरम), ती बघायची विसरतात, खरी गडबड तिथं होते. त्यात भर म्हणजे आकड्यांची पद्धत कंपनीगणिक उलटी. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाजानं घेतला की एक तर कार्बन धरतो नाहीतर टोक जळतं. आणि इरिडियमचा गॅप करायचाच झाला तर मधल्या टोकाला टेकून काही वाकवू नका, तारेचा ब्रशही नको, ते टोक सुईसारखं असतं, तुटलं की गेलं.

जुना प्लग काढलाच तर फेकण्याआधी जरा बघा. फिकट चॉकलेटी-राखाडी असेल तर सगळं आलबेल. काळी कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा प्लग थंड, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक आणि टोकं वितळल्यासारखी म्हणजे फार गरम, टायमिंग (ठिणगी पाडायची वेळ) किंवा मिश्रण तपासा. फिलर गेज घालून गॅप मोजा, समजा मुळात ०.८ मिलिमीटर असायला हवा होता आणि तो १.१ निघाला तर कॉइलला प्रत्येक ठिणगीला जास्त व्होल्टेज उभं करावं लागत होतं, चढावर पेडल दाबल्यावर येणारा झटका त्याचाच असतो. कुठलंही नवीन तंत्रज्ञान विकत घेण्याआधी ही तपासणी करा, बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात.

सीडीआय विरुद्ध साधी कॉइल विरुद्ध तगडी कॉइल

सीडीआयमध्ये कपॅसिटर भरून एकदम सोडतात, व्होल्टेज झटकन चढतं, त्यामुळं कार्बन धरलेल्या प्लगवरही ठिणगी पडते आणि फार वरच्या आरपीएमला दम लागत नाही. म्हणून टू-स्ट्रोक आणि छोट्या बाइकच्या इंजिनात ते लोकप्रिय झालं. पण ठिणगी टिकते मिलिसेकंदाचा छोटासा अंश. साध्या कॉइलची ठिणगी १ ते २ मिलिसेकंद टिकते, आणि पातळ मिश्रणाला हाच टिकाऊपणा लागतो, कारण एका क्षणी गॅपसमोर पेटण्याजोगं मिश्रण नसलं तरी पुढच्या क्षणी येतं. त्यामुळं लीन किंवा ईजीआरच्या इंजिनात सीडीआय मागं पडतं, तिथं कॉइलच.

तगडी कॉइल म्हणजे याचाच पुढचा अवतार, १०० मिलिज्यूलच्या वर ऊर्जा, किंवा दोन कॉइल आलटून पालटून एकाच प्लगला पुरवठा करतात म्हणजे ठिणगी तुटतच नाही. सोबत आतल्या हवेला जोरदार उभं फिरवायचं, ज्याला टंबल म्हणतात. वाऱ्यानं ठिणगी कमानीसारखी ताणली जाते आणि इलेक्ट्रोडपासून लांब जाऊन मिश्रणात शिरते. निसाननं २०२१ ला स्टार्क नावाची जी पद्धत जाहीर केली ती नेमकी हीच, जोरदार टंबल आणि नीट ताणलेली, न तुटणारी ठिणगी. चाचणीत ईजीआरसह ४३ टक्के आणि लीनसह ४६ टक्के कार्यक्षमता त्यांनी सांगितली, आणि इंजिन एकाच ठरावीक वेगा-लोडवर ठेवून, वाया जाणारी गरमी वापरून ५० टक्के. सगळ्यात नव्या दिसणाऱ्या आकड्यामागं साधा प्लग आणि कॉइलच आहे, बघा! मला वैयक्तिक या सगळ्या यादीत हीच वाट सगळ्यात पटते, कारण बिघडायला नवीन काही नाही. एकच किंमत मोजावी लागते, जास्त ऊर्जा म्हणजे प्लगची टोकं लवकर झिजतात, त्यामुळं इथं इरिडियम चैन राहत नाही, गरज होते.

पण हीच तगडी कॉइल तुमच्या आहे त्या लॅम्डा १ वर चालणाऱ्या इंजिनात बसवली तर? टर्बो ट्यून करून बूस्ट (आत कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवलाय आणि ठिणगी दाबाखाली विझतेय असं असेल तर उपयोग आहे. नाहीतर शून्य.

दोन प्लग

यावर थोडक्यात. एकाच सिलिंडरला दोन प्लग म्हणजे ज्योतीला कमी अंतर कापावं लागतं, जळण लवकर उरकतं, नॉकिंगला वेळ कमी मिळतो. अल्फा रोमिओनं ट्विन स्पार्क नावानं हे गाजवलं, बजाजनं २००३ पासून डीटीएस-आय म्हणून मोटारसायकलींत आणलं, आणि पिस्टन इंजिनाच्या विमानांत तर दोन प्लग कायमचेच, तिथं मुख्य कारण एक बंद पडला तरी दुसरा चालावा हे. छोट्या सिलिंडरात टंबल नीट असेल तर एक प्लगही तेवढंच काम करतो, म्हणून नवीन इंजिनांत ही पद्धत आता कमी दिसते. गाडी घेताना यावरून हो किंवा नाही ठरवू नका.

प्री-चेंबर, जिथं खरी मजा आहे

ओल्या लाकडांच्या ढिगाला काडी लावत बसण्यापेक्षा बाजूला कोरड्या काटक्या पेटवून जळतं कोलीत ढिगात खुपसलं की काम होतं, प्री-चेंबर तेच करतो. प्लगच्या टोकाला एक छोटी टोपी, आतली जागा साधारण एक घनसेंटीमीटर, पिस्टन वर असताना उरणाऱ्या जागेच्या दोन-चार टक्के. टोपीला चार ते आठ भोकं, प्रत्येक मिलिमीटरच्या आसपास. पिस्टन वर येताना मिश्रण त्या भोकांतून आत ढकलतो. आत ठिणगी पडते, एवढ्याशा जागेत जळण झटक्यात होतं, दाब चढतो, आधी आतलं न जळलेलं गार मिश्रण भोकांतून बाहेर फेकलं जातं आणि मागोमाग तापलेल्या वायूच्या धारा. भोकं फार बारीक असली तर ज्योत त्यांतून जाताना विझते सुद्धा, पण धारेतले अर्धवट जळालेले, चटकन प्रक्रिया करणारे तुकडे शिल्लक असतात ते बाहेर जाऊन पुन्हा पेट घेतात. एका ठिकाणी पेटायच्या ऐवजी सहा-आठ ठिकाणी, सिलिंडरच्या पार कडेपर्यंत, एकदम. जळण इतकं लवकर उरकतं की नॉकिंगला संधीच मिळत नाही.

कल्पना जुनी आहे हो. होंडाच्या सीव्हीसीसी इंजिनात छोटा चेंबर होता, त्यात रिच मिश्रण आणि मुख्य सिलिंडरात लीन, आणि त्याच्या जोरावर सिव्हिक गाडी अमेरिकेच्या १९७५ च्या नियमांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता बसली. तिथं भोक मोठं होतं, ज्योत सरळ बाहेर यायची, आजच्यासारख्या जोरदार धारा नव्हत्या. मग कन्व्हर्टर आले, लॅम्डा १ आलं आणि हे सगळं अडगळीत गेलं. पुन्हा उजेडात आलं ते फॉर्म्युला वनमुळं, २०१४ ला तिथं ताशी १०० किलो इंधनाची मर्यादा घातली, मग प्रत्येक थेंबातून जास्त काम काढणं हाच मार्ग उरला. २०१७ ला मर्सिडीजनं टेस्ट बेंचवर ५० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता गाठल्याचं सांगितलं, अर्थात त्यात टर्बोला जोडलेल्या मोटरचाही मोठा वाटा होता, सगळं श्रेय प्री-चेंबरला देऊ नका.

यात दोन जाती आहेत आणि निवडणाऱ्यानं हा फरक पक्का ठेवावा.

पॅसिव्ह प्री-चेंबर, म्हणजे वर सांगितली ती नुसती टोपी, वेगळं इंधन नाही. बांधणी सोपी, साध्या प्लगच्या जागेत बसते. पण आतलं मिश्रण बाहेरच्यापेक्षा जास्त रिच होत नाही, उलट मागच्या फेऱ्यातला जळका धूर आत अडकून राहतो, त्यामुळं लीनची हद्द ती फारशी वाढवत नाही. तिचा फायदा लॅम्डा १ ला जास्त लोडवर, जलद जळण आणि कमी नॉकिंग, म्हणजे कॉम्प्रेशन वाढवता येतं. मात्र आयडलिंगला आणि थंड इंजिन चालू करताना ती रडते. सकाळी चालू केल्यावर कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून गाडी मुद्दाम ठिणगी उशिरा पाडते, तेव्हा तर पॅसिव्ह चेंबर मिसफायर करतो, म्हणजे मिश्रण पेटतच नाही. मासेरातीनं २०२० ला आणलेल्या नेत्तुनो इंजिनात यावर उपाय म्हणून बाजूला आणखी एक साधा प्लगच ठेवलाय, कमी लोडला तो, जास्त लोडला चेंबर. म्हणजे एक अडचण सोडवायला प्रत्येक सिलिंडरला दोन इग्निशन!

ॲक्टिव्ह प्री-चेंबरमध्ये आत स्वतःचं छोटं इंजेक्टर किंवा गॅसचा व्हॉल्व्ह असतो. आत लॅम्डा १ च्या जवळ आणि बाहेर लॅम्डा २, दोन्ही एकाच वेळी. खरी मोठी कार्यक्षमता आणि इंजिनातूनच नगण्य नायट्रोजन ऑक्साइड हे दोन्ही देणारी या यादीतली ही सगळ्यात सिद्ध पद्धत. अडचण अशी की पेट्रोल द्रव असतं, एवढ्याशा चेंबरच्या भिंती ओल्या होतात, काजळी धरते, आणि ते मोजूनमापून फवारणारं इंजेक्टर बनवणं म्हणजे डोकेदुखी. शिवाय एवढ्या लीनवर धूर गार असतो, कन्व्हर्टरला तापून राहायला गरमी मिळत नाही, आणि न जळलेला हायड्रोकार्बन तर येतोच. गॅस इंधन असेल तर मात्र ही भिंत ओली व्हायची भानगडच नाही. म्हणूनच वार्टसिला, येनबाखर वगैरे कंपन्यांच्या वीजनिर्मितीच्या मोठ्या गॅस इंजिनांत हे वर्षानुवर्षं चालतंय. ३०-३५ सेंटीमीटर व्यासाचं सिलिंडर साध्या ठिणगीनं वेळेत जाळणं अवघडच, तिथं हाच मार्ग, आणि त्या इंजिनांची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आसपास जाते.

बाजारात गाडीत सरळ बसणारे टोपीवाले प्लगही मिळतात. तुमच्या इंजिनाचा टायमिंगचा नकाशा साध्या प्लगच्या जळण्यावर आखलेला असतो. जळण लवकर उरकलं तर ठिणगी उशिरा पाडायला हवी, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, ते कुणी सांगितलेलंच नसतं. मग दाबाचं शिखर चुकीच्या जागी, फायदा उडाला, वरून आयडलिंगला थरथर. टोपी फार तापली तर ठिणगीआधीच पेट घेणं हा आणखी एक धोका. ट्यूनिंग करून घेणार नसाल तर हात लावू नका.

कोरोना, नॅनोसेकंद, मायक्रोवेव्ह

तिघांची जात एक, मोठा गरम आर्क (दोन टोकांमधली सलग ठिणगी) पाडण्याऐवजी पसरलेला, तुलनेनं थंड प्लाझ्मा (वीज वाहू देणारा वायू) तयार करायचा. कोरोनात चांदणीसारखी टोकं असलेला इलेक्ट्रोड, मेगाहर्ट्झच्या घरातला विद्युतप्रवाह, आणि टोकांपासून मिश्रणात लांबवर जाणारे झाडाच्या फांद्यांसारखे प्रकाशाचे फाटे. एका बिंदूऐवजी मोठा भाग एकदम पेटतो. समोर ग्राउंड टोक नसल्यानं तशी झीजही नाही. फेडरल-मोगल कंपनीनं हे बरंच पुढं नेलं होतं आणि इंधनात १० टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा केला होता, बोर्गवॉर्नरचंही स्वतःचं रूप होतं. कागदावर प्री-चेंबरपेक्षा देखणं, आयडलिंगची अडचण नाही, चेंबरच्या भिंतीत गरमी जात नाही. पण दाब वाढला की फाटे आखूड होतात, व्होल्टेज वाढवलं तर ते उडी मारून पिस्टनला किंवा हेडला आर्क करतात, मग कोरोनाचा फायदाच गेला. आजची इंजिनं टर्बो लावून दाब वाढवतच चाललीत, म्हणजे कोरोनाला नेमकं जिथं जमत नाही तिकडंच सगळे निघालेत.

नॅनोसेकंदवाले, उदाहरणार्थ ट्रान्झिएंट प्लाझ्मा सिस्टिम्स, साधारण १० नॅनोसेकंदांचे कडक झटके देतात, आर्क बनायच्या आत झटका संपतो. मायक्रोवेव्हवाले, जपानची इमॅजिनिअरिंग कंपनी त्यात आहे, २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी ठिणगीचा प्लाझ्मा फुगवतात. दोन्ही अभ्यासाच्या दृष्टीनं जबरदस्त, पण एवढ्या व्होल्टेजचा, एवढ्या वेगाचा इलेक्ट्रॉनिक डबा इंजिनाच्या गरमीत आणि थरथरीत दहा-पंधरा वर्षं टिकवायचा आणि शेजारच्या सेन्सरांना त्याचा त्रास होऊ द्यायचा नाही, हे सोपं नाही.

लेझर

सगळ्यांना आवडतं आणि कुणाच्याच गाडीत नाही. लेन्सनं किरण एका बिंदूत गोळा करायचा, तिथं दर चौरस सेंटीमीटरला १०० गिगावॉटच्या आसपास तीव्रता आली की हवाच फुटते आणि प्लाझ्मा होतो. इलेक्ट्रोड नाही म्हणजे गरमी खाणारा धातू नाही, आणि ठिणगी हवी तिथं, अगदी सिलिंडरच्या मधोमध. दाब वाढला की साध्या प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, लेझरला उलट सोपं जातं. २०११ ला जपानमध्ये ताकुनोरी ताइरा यांच्या गटानं सिरॅमिकचं, ९ मिलिमीटर व्यासाचं, दोन किरण सोडणारं लेझर दाखवलं आणि सगळीकडं बातम्या झाल्या. अडचण खिडकीची, किरण आत जायला जी काच लागते तिच्यावर काजळी आणि ऑइलची राख बसते. लेझर स्वतःच थोडीफार साफ करतं, पण लाखभर किलोमीटर? कोरोनाशी तुलना केली तर जास्त दाबात लेझर सरस, टिकाऊपणात दोघंही अजून सिद्ध व्हायचेत, आणि खर्चात लेझर मागं.

माझदाची आडवाट

स्कायॲक्टिव्ह-एक्स इंजिन, २०१९. यात ठिणगी सगळं मिश्रण पेटवत नाही, ती फक्त एक आगीचा गोळा तयार करते, तो फुगून उरलेल्या अतिशय लीन मिश्रणाला दाबतो आणि ते डिझेलसारखं आपोआप पेटतं. हवा-इंधन प्रमाण ३० च्या वर, कॉम्प्रेशन १५-१६ च्या घरात, आणि हे सांभाळायला प्रत्येक सिलिंडरात दाबाचा सेन्सर आणि हवा पुरवायला सुपरचार्जर. एवढं लीन जळण प्रत्यक्ष रस्त्यावर विकल्या गेलेल्या गाडीत आणलं, त्याबद्दल मानलं पाहिजे. पण बघा, प्लग यात साधाच! अवघड सगळं सेन्सर आणि सॉफ्टवेअरमध्ये. असली गाडी सेकंडहँड घेत असाल तर तिच्यावर काम केलेला मेकॅनिक जवळ आहे का हे आधी बघा, बाकी इग्निशनची चिंता नको.

मग कुणी काय घ्यावं

जुनी गाडी, मूळ इंजिन: मॅन्युअलमधला प्लग, बरोबर हीट रेंज, बरोबर गॅप, बरोबर टॉर्क. सैल राहिलेला प्लग गरमी हेडमध्ये सोडू शकत नाही आणि जळतो, हे विसरू नका. मिसिंग असेल तर प्लगसोबत कॉइल तपासा, कारण न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि त्याला वितळवतं, म्हणजे प्लगवर वाचवलेले पैसे दामदुपटीनं जातात.

नवीन गाडी घेताय आणि ॲव्हरेज महत्त्वाचं आहे: इग्निशनचं नाव बघून गाडी घेऊ नका. भरपूर गार ईजीआर, जोरदार टंबल आणि तगडी कॉइल असलेलं हायब्रिडचं इंजिन आज प्री-चेंबरवाल्या स्पोर्ट्स कारपेक्षा तुमच्या कामाचं. हायब्रिडमध्ये इंजिन कमी पट्ट्यात चालतं, आयडलिंग जवळपास नसतंच, म्हणजे उद्या पॅसिव्ह प्री-चेंबर स्वस्त गाड्यांत आलाच तर आधी तिथंच येईल असं मला वाटतं.

कुणी "बसवा आणि १५ टक्के वाचवा" असा प्लग, डबा किंवा ग्राउंडिंगची वायर विकत असेल तर त्याला तीन गोष्टी विचारा. चाचणी कुठल्या लॅम्डाला आणि किती लोडला केली? तुलना नव्या प्लगशी केली की झिजलेल्याशी? आणि नंतर टायमिंग पुन्हा जुळवलं का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात.

ट्रॅकवरची, बूस्ट वाढवलेली गाडी: तगडी कॉइल, एक पायरी थंड प्लग, थोडा कमी गॅप. पॅसिव्ह प्री-चेंबर प्लग इथं विचार करण्याजोगा आहे, पण डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) टायमिंग जुळवून देणारा माणूस हवा, आणि शहरात हळू चालवायची असेल तर नको.

गॅसवर चालणारं मोठं स्थिर इंजिन: इथं तर चर्चाच नको, मोठ्या व्यासाला ॲक्टिव्ह प्री-चेंबर, मध्यम आकाराला टोपीवाला प्लग. फक्त चेंबरच्या गॅस व्हॉल्व्हची आणि भोकांची सफाई वेळापत्रकात धरा, भोक बुजलं की ते सिलिंडर गुपचूप मिसफायर करत राहतं आणि धुरात न जळलेला मिथेन जातो, जो तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी वाईट.

आणि हायड्रोजनवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, कारण हल्ली बरेच जण करतायत: तुमचा प्रश्न सगळा उलटा आहे. हायड्रोजनला पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, पेट्रोलच्या दहाव्या भागाइतके, त्यामुळं नको तेव्हा पेटणं हीच अडचण. प्लॅटिनमच्या टोकाचा प्लग टाळा, प्लॅटिनम स्वतःच हायड्रोजनला पेटायला मदत करतं. थंड प्लग घ्या, गॅप कमी ठेवा, आणि ठिणगीनंतर कॉइलमध्ये उरलेली ऊर्जा नीट निचरा होईल असं ग्राउंडिंग करा, नाहीतर ती इनटेक व्हॉल्व्ह उघडा असताना बाहेर पडते आणि मॅनिफोल्डमध्ये (हवा आत येण्याच्या नळ्यांत) बार होतो.